ज्ञानू अण्णांचं धरणं

ज्ञानू अण्णांच्या हातात हात दिला की ते तो लगेच सोडत नसत. समोरच्याच्या बोटातली अंगठी ते अंगठ्यानं एकदा फिरवून बघत आणि मग म्हणत, "बस." उजव्या हाताची त्यांची तीन बोटं तेजाबानं कायमची पिवळी पडली होती. भट्टीच्या धगीनं जळालेल्या भुवया पुन्हा नीट उगवल्याच नव्हत्या, त्यामुळं चेहरा सारखा नवल वाटल्यासारखा दिसे. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच नवल वाटत नसे.

अण्णा गलाईवाले. जुनं, भेसळीचं सोनं वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एक तरी माणूस या धंद्यापायी देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात असतो. अण्णांच्या वाट्याला पार ईशान्येकडचं एक डोंगरी गाव आलं. तिथं त्यांनी एकतीस वर्षं दुकान चालवलं. गावाच्या खाली नदी, नदीवर पूल आणि पुलाच्या पलीकडं म्यानमार. अण्णा त्याला शेवटपर्यंत ब्रह्मदेशच म्हणाले.

त्यांचा स्वभाव सांगायला एक लग्न पुरेसं आहे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी नवरीच्या पाटल्यांवरून बोट फिरवलं, "झकास" म्हणाले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाटल्या करणाऱ्या सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. सोनार म्हणाला, "अण्णा, काय काम?" अण्णा म्हणाले, "काम न्हाई. बसलोय." दुपारी सोनारानं चहा दिला, तो घेतला आणि तसेच बसून राहिले. गिऱ्हाईक विचारायला लागलं, म्हातारा कशासाठी बसलाय म्हणून. दिवस मावळायच्या आत सोनारानं पॉलिश राहिलंय असं सांगून पाटल्या परत मागवल्या आणि बावीस कॅरेटच्या करून दिल्या. आमच्या घरात ही गोष्ट मला सोडून कुणाला माहीत नाही. नवरीला तर नाहीच.

मी गावच्या हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. पुढचं जे लिहितो आहे त्यात माझं काम थोडंच आहे, पण ते वाईट आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तीन वर्षांमागं अण्णांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि ते गावी परतले. तेजाबाच्या वाफेनं छाती गेली होती. दहा पावलं चाललं की थांबून भिंतीला हात लावावा लागे. गाडीत बसवून त्यांना घेऊन आला तो लियान. चाळिशीचा, बुटका, नेहमी इस्त्रीचा शर्ट घालणारा. पलीकडच्या देशात तो गणिताचा मास्तर होता. लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तिथल्या कितीतरी शिक्षकांनी त्या राजवटीखाली शाळेत पाऊल टाकायला नकार दिला. लियान आणि त्याचे हेडमास्तर त्यातलेच. हेडमास्तरांना घरातून उचललं. चौथ्या दिवशी घरच्यांना त्यांचा चष्मा तेवढा परत मिळाला. लियाननं त्याच आठवड्यात नदी ओलांडली आणि बायकोची अंगठी विकायला तो अण्णांच्या दुकानात आला. बायको आधीच आजारात गेलेली. अण्णांनी अंगठी दगडावर घासली, म्हणाले, "बावीसची हाय. इकू नको," आणि त्याला कामाला ठेवून घेतलं.

तो अण्णांकडूनच मराठी शिकला, त्यामुळं विट्याची मराठी बोलायचा. गावात आला त्याच आठवड्यात अण्णा त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. "पाव्हणा आणलाय. ल्हेऊन घ्या," म्हणाले. तिथं "बघू नंतर" म्हणून त्यांना परत पाठवलं. मग लियान संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना गणित शिकवू लागला. फुकट. मागायचा ते फक्त कपाटातले खडूचे तुकडे. त्या पोरींत माझी आश्विनी होती. लेखी परीक्षेत तिला गणितात जे मार्क पडले ते माझ्या घराण्यात कुणाला पडले नव्हते.

गेल्या मार्चमध्ये वरून हुकूम आला होता, परदेशी माणसं शोधा. भर दुपारी जीप शाळेसमोर थांबली. आमच्या भागात पंचनाम्याला पंच लागला की शाळेचा क्लार्क उचलायची रीत आहे. तो जागेवर सापडतो, सरकारी पगाराचा असतो आणि उलट बोलत नाही. हवालदार म्हणाला, "क्लार्कसाहेब, चला, पाच मिन्टांचं काम." मी मस्टर कपाटात ठेवलं आणि गेलो. दुसरा पंच ठाण्यासमोरचा चहावाला, तोही नेहमीचाच.

अण्णा छातीच्या डॉक्टरकडं विट्याला गेले होते. ओट्यावर त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, आणि लियान शेंगा फोडत बसले होते. आम्हाला बघून लियान उठला. "या सर. च्या ठेवू?" हवालदारानं कागद मागितले. अक्कांनी आतून साडीच्या दुकानाची गुलाबी पिशवी आणली. तिच्यात आसऱ्यासाठी दिल्लीला केलेल्या अर्जाची पावती होती, त्याच्या शाळेचं ओळखपत्र होतं, बायकोचा फोटो होता. हवालदारानं एकेक कागद बघितला, पिशवीत परत घातला आणि पिशवी जीपमध्ये ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यानं दोन कोरे कागद पुढं केले. "खाली सही करा. मजकूर ठाण्यात जाऊन लिवतो, हितं ऊन लय हाय."

मी सही केली. वीस वर्षं मी अशाच सह्या करत आलो होतो. चोरीची मोटर, वाळूचा ट्रॅक्टर, विहिरीत सापडलेलं प्रेत. कोऱ्यावर सही आणि मजकूर नंतर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

रात्री आश्विनीनं विचारलं, "बाबा, सरांना कशानं धरलं?" मी म्हणालो, "कागदपत्र नव्हतं काही." पोटच्या पोरीशी मी असं खोटं बोललो.

आठव्या दिवशी अण्णा शाळेच्या ऑफिसात आले. धाप लागली होती. खुर्चीवर बसले, श्वास खाली बसेपर्यंत थांबले आणि पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढं ठेवली.

"वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. "...पोलिसांना पाहताच सदर इसम गोठ्यातील कडब्याच्या गंजीमागे लपून बसला. घरझडतीत कोणतेही कागदपत्र मिळून आले नाही..."

"कुठं हाय रं कडबा माझ्या घरात?" अण्णा म्हणाले. "म्हस इकून चार वर्सं झाली. लपवायचंच हुतं तर निदान घर बघून तरी लपवायचं!"

मी हसलो नाही, तेही हसले नाहीत.

"अण्णा, मी कोऱ्यावर सही केली. मजकूर मी बघितलाच नाही."

"कोऱ्यावर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. "सदा, सोन्याचा कस काढतो त्येला आमी टंच म्हणतो. दुसऱ्यानं काढलेल्या टंचावर मी एकतीस वर्सांत एकदाबी माझं नाव घातलं न्हाई. माझ्या बापानं काढून आणला असता तरी म्या पुन्ना तुकडा घासला असता. आणि तू माणसाच्या कागदावर..." पुढचं त्यांना धापेनं बोलता आलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी सगळं सांगितलं. सांगलीच्या एक वकीलबाई केस लढणार होत्या. सरकार त्याला पुलावर नेऊन पलीकडच्या लष्कराच्या ताब्यात देणार होतं. पलीकडं त्याच्या नावानं वॉरंट होतं. दिल्लीहून पावतीची दुसरी प्रत यायला कैक महिने लागणार. कागद होते, माणूस उघडपणे राहत होता, लपला नव्हता, एवढं एका पंचानं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर कोर्ट हे परत पाठवणं थांबवू शकत होतं. चहावाल्याला ठाण्यासमोर टपरी चालवायची होती. उरलो मी.

"अण्णा, आश्विनीची पोलिसात निवड झालीय," मी म्हणालो. "चारित्र्य पडताळणी याच ठाण्यातून जायचीय. तेवढं होईपर्यंत थांबा."

पोरीला गणित कुणी शिकवलं हे त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, नकलेची घडी घातली.

"मी थांबतो की," म्हणाले. "पर त्येला थांबता येतंय का ते बघाय पायजे."

त्यानंतर अण्णा धरण्याला बसले. एकट्यानं. आमचं गाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. घर सांगलीत आणि पाणंद ओलांडली की रान साताऱ्यात. दोन्ही जिल्हे प्रकरण एकमेकांवर ढकलत, म्हणून ते तीन दिवस सांगलीला कलेक्टर कचेरीसमोर बसत आणि दोन दिवस साताऱ्याला. "मास्तर घरात धरला का रानात धरला, ह्यावर त्यांचं एकमत हुईस्तवर दोनीकडं बसतो," म्हणायचे. दुकानाची जुनी पत्र्याची पाटी उलटी करून तिच्या मागं त्यांनी रंगानं लिहिलं होतं, 'लियान मास्तरला मरायला पाठवू नका'. सकाळच्या एसटीनं जात, पाटी मांडीवर आडवी ठेवून. कंडक्टर आधी पाटीचं अर्धं तिकीट मागायचा, पुढं त्यानंही सोडून दिलं.

मी एकदा लांब उभा राहून ऐकलं. एक तरणा पोरगा मोटरसायकल थांबवून त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

"आजोबा, आपल्या पोरांना कामं न्हाईत आणि तुमी भायेरच्याचं घेऊन बसलाय व्हय?"

"गाव कंचं तुझं?"

"आष्टा."

"घरातलं भायेर कोण हाय?"

"मामा हाय की कोचीनला. गलाईचं दुकान हाय."

"मंग? त्येला तिथनं हाकलला तर कुठं ईल?"

"हितंच. आजीकडं."

"आजी काय करंल?"

"काय करंल? जेवाय वाढंल."

"ह्येला हाकलला तर ह्येला कोण वाढंल?"

पोरगा म्हणाला, "तुमचं लय येगळंच असतंय राव," आणि गाडीला किक मारून गेला. त्याला पटलं नव्हतं. बहुतेकांना पटत नव्हतंच. ग्रामसभेत एकजण म्हणाला, अण्णांनी गावाचं नाव घालवलं. डेअरीत अक्कांशी बायका बोलेनाशा झाल्या. एकदा कुणीतरी पाटीवर शेण फासलं. अण्णांनी ती धुतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडीवर घेतली. ओल्या पत्र्यानं धोतर भिजलं, म्हणून तेवढा एक दिवस त्यांनी शिव्या दिल्या.

मी सांगलीला गेलो की मुद्दाम एक स्टॉप आधी उतरायचो. तरी दोनदा त्यांच्या नजरेला पडलोच. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडून विचारलं, "सदा, पोरीचं झालं का?" त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी मान हलवायचो, नाही म्हणून, आणि चालू लागायचो. असे आठ आठवडे गेले. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी वकीलबाईंचा जिना चढू शकत होतो.

मग एका सकाळी अक्कांचा फोन आला. "सदाभाऊ, मास्तरला न्हेत्यात. मिरजेच्या गाडीनं. ह्येबी गेल्यात मागनं." मी शाळेत न सांगता निघालो.

मिरजेच्या फलाटावर दोन पोलिसांमध्ये लियान उभा होता. हातात बेडी, तिच्यावर कुणीतरी टॉवेल टाकलेला. शर्टाला इस्त्री नव्हती. मला बघून त्याला आनंद झाला. मला तो आनंद सहन झाला नाही.

"सर, आश्विनी ट्रेनिंगला गेली का?"

"अजून नाही."

"जाईल. डोकं चांगलं हाय तिचं. अपूर्णांकात तेवढी घाई करतीय."

अण्णा पुढच्या डब्यापाशी उभे होते. एका हातात वाफेचं मशीन, दुसऱ्यात पिशवी. पोलिसांतला थोरला त्यांना म्हणत होता, "आवं अण्णा, तुमी कुठं निघालाय ह्या वयात?"

"तिकीट काढलंय. माझं दुकान हाय तिकडं. नको जाऊ का?"

मी त्यांच्याजवळ गेलो. "अण्णा, प्रतिज्ञापत्र देतो."

"कवा?"

"आत्ता. इथून सरळ वकीलबाईंकडं."

त्यांनी मशीन आणि पिशवी डब्यात सरकवली. गाडीनं भोंगा दिला. "रेल्वेला तीन दिस," ते म्हणाले, "वर डोंगरात जीपला एक. चार दिस हायत. जा." आणि दांडीला धरून, दोनदा थांबत, डब्यात चढले.

वकीलबाईंनी मला एकच विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. त्यांनी मजकूर टाईप केला. मी तो दोनदा वाचला आणि मग सही केली. दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरच्या हायकोर्टात दाखल झाला. सुनावणी गाडी निघाल्यापासून चौथ्या दिवशी ठेवली.

मधले दिवस मी अक्कांच्या ओट्यावर काढले. अण्णांनी गाडीत बसल्याबसल्या फोन लावले होते. ज्या मोठ्या स्टेशनवर गाडी थांबे, तिथं आमच्या भागातला कुणीतरी गलाईवाला फलाटावर उभा असे. तो खिडकीत डोकावून मोठ्यानं हाक मारी, "मास्तर, बरं हाय का?" माणूस गुपचूप दुसऱ्या गाडीत हलवला जाऊ नये, वाटेत हरवला असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. मग अक्कांना फोन येई. मनमाडवरून. नागपूरवरून. "काकी, बघितला. खिडकीजवळ हाय. दशम्या दिल्यात." रायपूरवरून. "पोलिसांनीबी खाल्ल्या. चटणी मागत हुतं." थोरला पोलीस वैतागून अण्णांना म्हणाला म्हणे, "मी आरोपी न्हेतोय का वऱ्हाड घिऊन निघालोय?" अक्का प्रत्येक फोननंतर जोंधळ्याचा एकेक दाणा सुपातून बाजूला काढून ठेवत. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो. त्यांनी मला रोज जेवायला वाढलं.

आता पुढचं आधी सांगून टाकतो. अण्णा त्या प्रवासातून परत आले नाहीत. तिकडच्या थंड हवेत छाती भरली आणि नवव्या दिवशी पुतण्याच्या घरीच त्यांनी प्राण सोडला. अग्नी तिथल्याच नदीकाठी दिला. त्यानंतर पंधरा दिवसांत आश्विनीचे कागद ठाण्यातून साफ होऊन आले. माझ्या प्रतिज्ञापत्राचा आणि तिच्या पडताळणीचा कुणी संबंधच जोडला नव्हता. ठाण्यात माझ्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. आठ आठवडे मी ज्याला भीत होतो ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मिरजेला त्यांना गाडीत चढावं लागलं ते माझ्यामुळं. ही गोष्ट मी आश्विनीला सांगितली आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा रडली.

मला अण्णा शेवटचे दिसले ते त्या चौथ्या दिवशी, फोनवर.

दुपारी अडीचला वकीलबाईंचा फोन आला. पुढच्या तारखेपर्यंत त्याला देशाबाहेर पाठवू नये, असा आदेश निघाला होता. आदेशाची प्रत त्यांनी मला, अण्णांना, पुतण्याला आणि तिकडच्या अधिकाऱ्यांना पाठवली. मी लगेच पुतण्याला फोन लावला. त्यानं कॅमेरा चालू केला आणि म्हणाला, "काका, आमी पुलावरच हाय. जीप आलीय."

छोट्या पडद्यावर आधी नुसतं धुकं दिसलं, मग लोखंडी पूल. पुलाच्या तोंडाशी सरकारी जीप, तिचं नाक पलीकडं. मागच्या सीटवर लियान. पुलाच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या कपड्यांतली माणसं उभी होती, वाट बघत. आणि जीपच्या पुढ्यात, बंपरला जवळजवळ चिकटून, अण्णा. गळ्यात मफलर, एका हातात फोन उंच धरलेला. त्यांचा श्वास इकडं मला ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

अधिकारी तरणा होता. त्यानं फोनवरचा कागद वाचला, कुणालातरी फोन केला, "जी सर, जी सर" म्हणाला. मग अण्णांना म्हणाला, "ठीक है बाबा. ऑर्डर मिल गया. आज नहीं भेजेंगे. आप हट जाइए."

अण्णा हटले नाहीत.

"पयले गाडी का तोंड घुमाव," ते म्हणाले.

"बोला ना, नहीं भेजेंगे."

"सुना मैंने. तोंड घुमाव."

अक्का माझ्या खांद्यावरून बघत होत्या. अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला, आणि मग ड्रायव्हरला खूण केली. रस्ता अरुंद होता. जीप थोडी मागं गेली, थोडी पुढं आली, पुन्हा मागं गेली. अण्णांनी बॉनेटवर तळहात टेकला होता आणि जीप वळेल तसे तेही वळत होते, एकेक पाऊल, मध्येच थांबून दम घेत. ड्रायव्हर त्यांच्यासाठी थांबायचा. पलीकडची हिरव्या कपड्यांतली माणसं गोंधळून बघत राहिली. जीपचं नाक पुलाकडून डोंगराकडं आलं, तिथून रस्त्याकडं, आपल्या बाजूच्या रस्त्याकडं.

अण्णांनी हात काढला आणि ते बाजूला झाले.